मेंढरांनी धरलेली जागा

या, असे जवळ येऊन बसा. पखवाजाला अजून कणीक लागायची आहे, बुवा आत्ता कुठं हातपाय धुऊन राहिलेत. तेवढ्या वेळात एका घराची गोष्ट बसते. गोष्ट गोड आहे. तिच्यात मेंढरं आहेत, माती आहे, एक ताठ मानेचा इवाई, म्हणजे व्याही, आहे, आणि शेवटी कुणाचंच वाईट होत नाही. तेव्हा मांडी सैल सोडून ऐका.

हिंगोली जिल्हा वेगळा होऊन सहा-सात वर्षं झाली होती, तेव्हाची ही हकीकत. सेनगावहून जीपनं फाट्यावर उतरलं की पांगरवाडी पायी अर्ध्या तासावर. अकरा घरं, सगळी मेंढरंवाल्यांची. त्यातलं एक सिंधूबाईचं. बाई उंचीनं ठेंगणी, आवाजानं खणखणीत. सप्त्यात बायकांच्या बाजूनं पहिली टाळी तिची पडायची. नवरा मसाजी दिवसभर मेंढरांमागं आणि बसला की हातात लोकर कातायची चाती. तो बोलायचा कमी, कारण बोलायचं काम बायको करून टाकायची.

भादव्यात चार दिवस पाऊस लागला आणि सिंधूबाईच्या घराची मागची भिंत बसली. कोसळली नाही, म्हैस बसते तशी सावकाश बसली, सगळ्यांना बाहेर पडायला वेळ देऊन. तेव्हापासून नवरा-बायको पालात राहत होती आणि पालाला लागून त्यांची चाळीस मेंढरं.

दिवाळी झाली आणि कळमनुरीकडून इवाई आले. सिंधूबाईची एकुलती लेक दीपमाला त्यांच्या घरी दिली होती. अमृतराव त्यांचं नाव. घरी विहिरीचं पाणी आलेलं, ऊस लागलेला, अंगावर पांढरंफेक धोतर. पालात शिरायचं म्हणजे कमरेत वाकावं लागतं. अमृतराव वाकले नाहीत. बाहेरच घोंगडीवर टेकले. पाण्याचा तांब्या ओठाला लावला न लावला आणि खाली ठेवला.

"इहीणबाई, सुनंला तिसरा लागला."

"देवाची किरपा," सिंधूबाई म्हणाली, आणि डोळ्याला पदर लावला.

"पहिलं बाळंतपण माहेरी, ते बराबर हाय. पण तुमी लेकीला ठेवणार कुठं? मेंढरांच्या पंगतीला?"

"घर बांधून राहिलो ना इवाईबुवा. वरच्या अंगाला गावठाणाची जागा भेटली."

"जागा पांघरून झोपता येत न्हाई." अमृतराव उठले, धोतराचा सोगा झटकला. "गुढीपाडव्यापर्यंत चार भिंती आन वर छप्पर दिसलं तर पोरगी धाडतो. न्हाई तर आमच्याकडंच व्हईल सगळं. मंग माहेर हाय का न्हाई, ते लोक इचारतील. आमी काय सांगायचं?"

जाताना त्यांनी पिशवीतून एक बरणी काढून दिली. दीपमालानं पाठवलेली. श्रावणात लोणचं भरून दिलेली तीच बरणी, धुऊन-पुसून लखलखीत. सिंधूबाईनं झाकण उघडून वास घेतला.

"रिकामी बरणी धाडली लेकीनं," ती मसाजीला म्हणाली. "आंबट खाऊ वाटून राहिलंय तिला."

मसाजीची चाती थांबली. "मंग भरून ठिव," तो म्हणाला. "न्यायला यील ती."

त्याच पावसाळ्यात वाडीवर एक पोरगी येऊन राहिली होती. राधिका तिचं नाव, गाव नांदेड. घराचे नकाशे काढायचं शिकलेली. शाळेच्या जुन्या खोलीत एक सतरंजी, एक स्टोव्ह आणि कागदाच्या गुंडाळ्या, एवढा तिचा संसार. पुण्याच्या एका संस्थेनं तिला वर्षाची फेलोशिप दिली होती. हा शब्द सिंधूबाईच्या तोंडात बसेना.

"म्हंजी नोकरी लागली तुला?"

"नोकरी नाही, मावशी. वर्षभर माझ्या राहण्याजेवणाचं ते बघतात. मी इथं राहायचं, तुमच्याबरोबर घर बांधायचं आणि दर महिन्याला काय झालं ते लिहून कळवायचं."

"आन वर साहेब कोण?"

"साहेब नाही कुणी. व्यंकटराव सर आहेत. म्हातारे आहेत, आयुष्यभर घरंच बांधली त्यांनी. दर तीन महिन्यांनी येऊन बघतात आणि विचारतात, काय शिकलीस?"

"पाच वर्सं शिकून अजून शिकायचंच?"

"कॉलेजात बंगले शिकवले," राधिका म्हणाली. "मेंढरंवाल्यांचं घर शिकवायचं राहून गेलं."

सिंधूबाई हसली. "मंग बराबर जागी आली तू."

घरकुलाचे पैसे सरकारचे, जागा गावठाणाची, राबणारे हात घरचे. सगळं होतं. फक्त 'बाई, तुला घर कसं पाहिजे' असं विचारणारं माणूस कधी आलं नव्हतं. ते पुण्याच्या लोकांनी धाडलं.

राधिकानं कागद पसरला. सिंधूबाईनं तो उलटा धरला, सुलटा धरला, मग खाली ठेवला. "असं न्हाई उमगत. भुईवर काढ."

म्हणून राधिकानं आणि प्रभू गवंड्यानं दोन दिवस खपून नव्या जागेवर पांढऱ्या फक्कीनं खरंखुरं घर आखलं. पायाच्या रेघा, दारं, चूल, ओसरी. प्रभू वाडीचाच, पण हिंगोलीत सिमेंटच्या कामावर राहून आलेला. त्यामुळं खिशात ओळंबा आणि बोलण्यात टेंभा.

सिंधूबाई दारातून आत गेली, म्हणजे दोन रेघांच्या मधून. चुलीच्या चौकोनासमोर बसली आणि खोट्या भाकरी थापल्या. "इथून मेंढरं दिसत न्हाईत. भिंत अशी सरकव." राधिकानं रेघ सरकवली. इतक्यात मसाजी काय चाललंय बघायला आला आणि थेट स्वयंपाकघरात घुसला.

"भिंतीतून काहून येऊन राहिले?" सिंधूबाई ओरडली. "दार तिकडं हाय."

मसाजी मागं फिरला, रेघेला वळसा घालून दाराशी गेला, पायताणं काढली आणि मग आत आला. राधिका हसून हसून खाली बसली.

शेवटी बाळंतिणीची खोली. ती खालच्या कोपऱ्यात धरली होती, वाऱ्याच्या आडोशाला. सिंधूबाई तिथं जमिनीवर आडवी झाली, कूस वळवली, हात लांब केला आणि हवेत थांबवला.

"इथं कोनाडा पायजे. पडल्या पडल्या हात पुरला पायजे. पाणी, दिवा, लेकराचं तेल. दीपमाला व्हायच्या वक्ती मला एकटीला उठावं लागलं व्हतं. लई तकलीफ झाली."

राधिकानं टेप लावून त्या हाताची उंची मोजली आणि वहीत लिहिली. दोन वेळा मोजली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाया खणायला प्रभू पहार घेऊन आला, राधिका कागद घेऊन आली, आणि दोघंही उभेच राहिले. घर गेलं होतं. एक रेघ शिल्लक नव्हती. चाळीस मेंढरं जागेवर रवंथ करत बसली होती आणि मसाजी काठीवर हनुवटी टेकून उभा होता.

झालं होतं असं, की नव्या जागेवर पाया खणण्याआधी एक रात्र मेंढरं बसवायची, ही त्यांची वाडवडिलांपासूनची रीत. मसाजीनं ती पाळली. रेघांचं त्याच्या ध्यानातच आलं नाही.

सिंधूबाईनं कपाळाला हात लावला. "दोन दिस पोरगी उन्हात वाकली. तुमी एका रातीत पुसून टाकलं. रीत पाळली म्हणं. डोळे कुठं गहाण ठिवले व्हते?"

राधिका दगडावर टेकली. तिच्या पायाला अजून फक्की लागलेली होती. महिनाअखेर नकाशा पुण्याला जायचा होता, आणि दीपमालेचे महिने कुणासाठी थांबणारे नव्हते.

मसाजीनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "रेघा गेल्या त्या गेल्या. पण मेंढरं कुठं बसली, ते बघा की."

सगळ्यांनी बघितलं. सगळी मेंढरं वरच्या अंगाला, एकमेकांना चिकटून बसली होती. खालचा कोपरा, बाळंतिणीच्या खोलीचा, मोकळा होता. तिथं एक लेंडी पडलेली नव्हती.

"मेंढरू ओलीला टेकत न्हाई," मसाजी म्हणाला.

"वरून तर कोरडी ठाक दिसते," प्रभू म्हणाला, आणि पैज मारल्यासारखी त्यानं पहार घातली. वीतभर खाली माती पहारीला चिकटली. गुडघाभर खणलं तर खड्ड्याच्या बुडाशी पाणी जमलं. पावसाळा सरून दोन महिने झाले होते.

 सिंधूबाई हळूच म्हणाली, "म्हंजी लेकीला झऱ्यावर निजवून राहिलो व्हतो आपण."

राधिकानं नवीन कागद काढला. घर वर सरकलं, जिथं मेंढरं बसली होती तिथं. पण त्या महिन्याचं पत्र लिहिताना तिचा हात अडखळला. नकाशा वेळेत झाला नाही आणि पहिला चुकीचा होता, हे लिहायचं कसं? तिनं होतं तसं लिहिलं. पंधरा दिवसांनी व्यंकटराव सरांचं उत्तर आलं, ते तिनं सिंधूबाईला वाचून दाखवलं: 'चूक पाया खणायच्या आधी सापडली, याच्यासाठीच हे वर्ष तुला दिलंय. घाई करू नकोस. मेंढरांना माझा नमस्कार सांग.'

सिंधूबाईनं सांगितला. मेंढरांच्या वाड्यात जाऊन, हात जोडून, मोठ्यानं.

इथवर झाला पूर्वरंग. पखवाजवाला अजून कणीकच मळतोय, तेव्हा उत्तररंगही ऐकून घ्या.

प्रभू म्हणाला, माती इथलीच घेऊ, काळी, जवळ आहे. सिंधूबाईनं त्याला हाताला धरून थांबवलं. "काळीत पिकवायचं. तिच्यात राहायचं न्हाई. ऊन लागलं की भेगाळती, पाणी लागलं की फुगती. मागचं घर सासऱ्यानं घाईनं काळीत उभं केलं व्हतं. सासूबाई तवाच म्हणल्या व्हत्या, पांढरी आणा. त्यांचं कुणी ऐकलं न्हाई."

अर्ध्या कोसावर एक बेचिराग गाव होतं, नुसतं टेकाड राहिलेलं. तिथली पांढरी माती कुठल्या खोंगळीतली, कुठल्या खड्ड्यातली चांगली, ते सासूनं, जनकाबाईनं, मरायच्या आधी सुनेला दाखवून ठेवलं होतं. राधिकानं दोन बाटल्यांत दोन्ही मात्या पाण्यात कालवून खिडकीत ठेवल्या. काळीचं पाणी चौथ्या दिवशीही गढूळ. पांढरी सकाळपर्यंत खाली बसली, थरावर थर.

"औशद बनवून राहिली व्हय?" प्रभूनं विचारलं.

"औषधच आहे," राधिका म्हणाली. "भिंतीचं."

बैलगाडीनं पांढरी आली. खाली दगडाचं जोतं गुडघ्याच्या वर घेतलं. मग भिंती. माती भिजवून तुडवायची म्हणजे माणसाच्या पोटऱ्या फुटतात. दोन दिवस सिंधूबाई आणि राधिका चिखलात नाचल्या. राधिकाच्या टाचांना भेगा पडल्या, त्यांत माती भरली. संध्याकाळी सिंधूबाई तिला जवळ बसवून कोमट तेल लावायची आणि आपल्या कमरेला मसाजीची काठी आडवी दाबून धरायची.

तिसऱ्या दिवशी मसाजीच म्हणाला, "चाळीस जणं रिकामे बसलेत की." आणि त्यानं मेंढरं चिखलात घातली.

मग काय सांगावं. मेंढरं गोल फिरताहेत, मधे मसाजी, कडेला अकरा घरांतली बाया-माणसं, आणि सिंधूबाईनं टाळी धरली. विठ्ठल विठ्ठल, विठ्ठल विठ्ठल. टाळीवर मेंढरांचे खूर पडत होते की खुरांवर टाळी, ते कळेना. कातरणीतली आखूड, वाया गेलेली लोकर त्यात टाकली, म्हणजे माती तडकत नाही. राधिकाचा पाय घसरला आणि ती त्या काल्यात बसलीच. उठवायला गेलेली सिंधूबाईही बसली. दोघींना हसण्यामुळं उठता येईना.

"मातीला गवंडी कशाला लागतो, कुंभार बोलवा," असं पहिले आठ दिवस म्हणणारा प्रभू, वीत-वीत थर चढत गेले तसा ओळंबा लावून एक डोळा मिटून बघू लागला. भिंत खांद्याच्या वर गेली तेव्हा रस्त्यानं जाणाऱ्याला तो सांगू लागला, "ही मी उभी केली."  राधिकाच्या वहीतही रोजच्या कामाखाली पहिलं नाव प्रभूचं असायचं.

माघ सरला. वर बाभळीच्या तुळया, त्यांवर तुराट्यांचा जाड थर, त्यावर लिंबाचा पाला, आणि सगळ्यांत वर चोपून चोपून पांढरी. असं धाबं झालं. पाणी पडायला पत्र्याची पन्हाळ, भिंतीपासून हातभर लांब. कोनाडा मोजलेल्या उंचीवर. दार तेवढं बसायचं राहिलं होतं.

आणि फाल्गुनात, धाबं चोपून चार दिवस झाले असताना, अमृतराव आले. न सांगता. हातातल्या काठीनं त्यांनी भिंत ठोकली.

"मातीच?"

"मातीच, इवाईबुवा," सिंधूबाई म्हणाली.

"मागची बी मातीचीच व्हती. बसली." त्यांनी राधिकाकडं बघितलं. "एवढी शिकलेली बाई तुमी. दोन पत्रे, चार खांब, सिमिटाची भिंत सांगायची की यांना. का गरिबाला मातीच बरी?"

राधिकाचं तोंड लाल झालं. ती उत्तर जुळवू लागली, तेवढ्यात उजेडच बदलला. वाशिमच्या बाजूनं काळंनिळं आभाळ चालून आलं. वारा सुटला, धुळीनं डोळे भरले, आणि पहिली गार अमृतरावांच्या टोपीवर टणकन पडली. आवळ्याएवढी.

"आत," मसाजी म्हणाला. एवढाच शब्द. मग त्यानं मेंढरांना शीळ घातली आणि चाळीसच्या चाळीस जीव दाराच्या चौकटीतून आत घुसले. त्यांच्या लोंढ्यात अमृतरावही आत आले. आले म्हणजे आणले गेले.

बाहेर गारांचा नुसता कडकडाट. समोरचं पाल एकदा फुगलं, फाटलं आणि उडून गेलं. आत माणसं आणि मेंढरं दाटीवाटीनं उभी. अमृतराव बाळंतिणीच्या खोलीत कोपऱ्यात अडकले होते. एक मेंढा त्यांच्या पायावर बसला होता. ते मान वर करून धाब्याकडं बघत होते, आता गळेल, मग गळेल. सिंधूबाईही तिथंच बघत होती. तिचे ओठ हलत होते. राधिका भिंतीला तळवा लावून उभी होती, आजाऱ्याच्या कपाळाला लावावा तसा.

धाबं गळलं नाही. पन्हाळीचं पाणी धो धो लांब पडत राहिलं.

तेवढ्यात कपाळावर पांढरा ठिपका असलेली चांदी नावाची मेंढी वाट काढत निघाली. दिवस भरलेली होती. चुलीपाशी थांबली, हुंगलं, पुढं गेली. ओसरीपाशी थांबली, पुढं गेली. बरोबर कोनाड्याखाली आली, दोनदा गिरकी घेतली आणि बसली.

"आता गं बाई," सिंधूबाई म्हणाली. मधे तीस मेंढरं. तिला पुढं सरकता येईना. "इवाईबुवा, तुमीच जवळ हाव. बघा की."

"मी?" अमृतराव म्हणाले. विहिरीला पाणी लागल्यापासून त्यांनी मेंढरू हातात धरलं नव्हतं. वीस वर्षं झाली असतील. त्यांनी धोतराकडं बघितलं, चांदीकडं बघितलं. मग काठी टाकली आणि गुडघ्यावर बसले. पालात न वाकलेली कंबर तिथं वाकली.

हात विसरले नव्हते. कोकरू बाहेर आलं तसं त्यांनी बोटानं त्याचं तोंड मोकळं केलं, नाकात फुंकर घातली, मागच्या पायांना धरून हलकंच झुलवलं. कोकरानं एकदा शिंकल्यासारखं केलं आणि बें केलं. अमृतरावांनी ते पांढऱ्याफेक धोतराच्या सोग्यात पुसलं. पुसून झाल्यावरही खाली ठेवीनात.

गारा थांबल्या. बाहेर अंगण पांढरं पडलं होतं आणि आत मेंढरांची ऊब होती. अमृतरावांनी कोकरू चांदीपुढं ठेवलं आणि भिंतीवरून हात फिरवला, वरून खाली, अगदी जोत्यापर्यंत.

"कोरडी हाय," ते म्हणाले. मग राधिकाला म्हणाले, "जागा कुणी धरली?"

राधिका म्हणाली, "मेंढरांनी."

अमृतरावांना वाटलं, पोरगी थट्टा करतेय. त्यांनी मसाजीकडं बघितलं. मसाजीनं मान हलवली. अमृतरावांनी चांदीकडं बघितलं.

"मंग बराबर हाय," ते म्हणाले. "आन हा कोनाडा असा खाली काहून?"

"खाली निजून हात वर करा, इवाईबुवा," सिंधूबाई म्हणाली. "म्हंजी कळंल."

अमृतराव निजले नाहीत, तेवढा मान त्यांनी राखला. पण बसल्या जागेवरून हात लांब केला. हात कोनाड्यात गेला. तो त्यांनी तिथं जरा वेळ तसाच ठेवला.

"पाडव्याला कशाला थांबता," ते उठत म्हणाले. "येत्या आइतवारी जीप करतो. सुनंला घेऊन येतो. एवढ्या जागांत चांदीनं ही निवडली, ती काय येडी न्हाई."

आणि सिंधूबाईनं पुढं केलेला तांब्या त्यांनी घटाघटा रिकामा केला.

दीपमाला आली तेव्हा कोनाड्यात बरणी होती, गळ्यापर्यंत भरलेली. ती आडवी झाली, हात लांब केला, बरणी हाताला लागली. "आय, उठायबी लागत न्हाई," ती म्हणाली, आणि सिंधूबाई काही कारण नसताना अंगणात गेली आणि खूप वेळ आली नाही. जेठात त्या खोलीत नात जन्मली.

तोवर राधिकाचं वर्ष सरत आलं होतं. वाडीतल्या उरलेल्या दहाही जणांना आता तसंच घर हवं होतं, आणि त्यांचे नकाशे तिच्या वहीतून प्रभूच्या हातात गेले होते. तो आता काळी माती दारात येऊ देत नसे. जायच्या दिवशी मसाजीनं तिला स्वतः कातलेल्या लोकरीची घोंगडी दिली आणि जन्मात बोलला नाही तेवढं बोलला: "नवी जागा धरायची झाली, तर आंथरून बघ. ओल असंल तर हिला पहिली कळती." फाट्यावरून जीप हलली तेव्हा सिंधूबाईच्या कडेवर नात होती आणि दोघीही हात हलवत होत्या, एकीचा हात दुसरीनं धरून.

पोरगी पुढं कुठं गेली, नक्की ठाऊक नाही. कुणी सांगतं कळमनुरीकडं एका तांड्यावर दिसली, जमिनीवर रेघा काढत, आणि एक म्हातारी त्या रेघांतून भाकरी थापत फिरत होती.

पखवाजाला कणीक लागली. बुवा उभे राहिले. उठण्याआधी एवढं एक ऐका. आज घरी गेलात की अंथरुणावर पडल्या पडल्या हात लांब करून बघा. पाण्याचा तांब्या, दिवा, जे काही लागतं ते हाताला आलं, तर देवाच्या नावाबरोबर राधिकाचंही नाव घ्या. आणि नाहीच आलं, तर मग जरूर आठवा तिला.